कुरळ्या केसांवरील ‘उपचार’ आणि न सांगितलेली रसायने

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्नसराईच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत केसांच्या निगेविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ‘कुरळ्या व राठ केसांची समस्या’ असे एक उपशीर्षक होते आणि त्याखाली केराटिन, स्मूदनिंग व नॅनोप्लास्टिया हे केस सरळ करण्याचे तीन ‘उपचार’ सुचवले होते. या तिन्हींत कोणती रसायने वापरली जातात, याविषयी मात्र त्या लेखात एकही वाक्य नव्हते. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. आधी रिबाँडिंग, मग स्मूदनिंग आणि शेवटी केराटिन असे करत कित्येक वर्षे मी माझे कुरळे केस सरळ करून घेतले आणि आता ते जसे उगवतात तसेच ठेवते. दोन्ही बाजूंची माहिती असलेली वाचक म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, कुरळे केस दुरुस्त करण्याजोगे काही नाही आणि ज्या कुणाला ते तरीही सरळ करून घ्यायचे असतील, तिला डोक्यावर काय ओतले जाणार आहे हे आधी कळले पाहिजे.

केसाचा धागा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनातील सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लामुळे शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना घट्ट जोडल्या जातात. या जोडांना डायसल्फाइड बंध म्हणतात. केस सरळ येणार की वळणदार, हे मुळात त्वचेखालच्या केशकूपाच्या आकारावर ठरते. कूप वाकडा असेल तर केस वळण घेऊनच बाहेर पडतो आणि ते वळण पुढे या बंधांमुळे टिकते. रिबाँडिंगमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेटसारख्या अल्कधर्मी द्रव्याने हे बंध तोडले जातात, केस तापलेल्या इस्त्रीखाली ताणून सपाट केले जातात आणि नंतर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून त्या सपाट अवस्थेत नवे बंध जुळवले जातात. अमेरिकेत व आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या ‘रिलॅक्सर’मध्ये तर हेच काम सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपण साबण बनवण्यासाठी वापरतो तो कॉस्टिक सोडा, करतो. तुटलेला प्रत्येक बंध पुन्हा जुळतोच असे नाही, म्हणून केस कमकुवत होतात, हे वेगळे सांगायला नको.

पार्लरमध्ये ज्याला ‘केराटिन’ म्हणतात त्याची गोष्ट याहून निराळी आहे आणि सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहे. केसाला हरवलेले प्रथिन परत मिळते, अशी समजूत त्या नावामुळे होते. प्रत्यक्षात बाटलीतल्या केराटिनने केस सरळ होत नाहीत. या प्रकारच्या मूळच्या मिश्रणांत ते काम फॉर्मॅल्डिहाइड करते. ते केसातील प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना नव्याने बांधून टाकते आणि सुमारे २३० अंश सेल्सिअसला तापवलेली इस्त्री फिरली की त्याची वाफ हवेत मिसळते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील बरण्यांत जतन केलेले बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असतात, ते फॉर्मॅलिन म्हणजे याच फॉर्मॅल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण होय. ज्यांनी बारावीला ती बरणी उघडली असेल, त्यांना पार्लरमधील डोळे चुरचुरवणारा वास ओळखीचा वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मॅल्डिहाइडचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत त्याचा वापर निषिद्ध आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केस सरळ करणाऱ्या उत्पादनांत त्यावर बंदी आणण्याचा मानस २०२३ साली जाहीर केला खरा, परंतु त्यासाठी ठरवलेली मुदत त्यांनी वारंवार पुढे ढकलली आहे.

बाटलीवर ‘फॉर्मॅल्डिहाइड-मुक्त’ असे लिहिलेले असले म्हणजे निश्चिंत व्हावे, असे कुणी म्हणेल. २०१० साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या कामगार-सुरक्षा विभागाने अशीच मोहोर असलेल्या एका लोकप्रिय उत्पादनाचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत फॉर्मॅल्डिहाइडचे प्रमाण सहा ते दहा टक्क्यांच्या घरात निघाले. पाण्यात विरघळल्यावर त्याचे मिथिलीन ग्लायकॉल होते आणि लेबलवर हे दुसरे नाव छापले की पहिले नाव नसल्याचा दावा करता येतो. इस्त्रीच्या उष्णतेने मात्र पुन्हा फॉर्मॅल्डिहाइडच सुटते. रसायनशास्त्राच्या परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते तर मी त्याला गुण दिले नसते.

फॉर्मॅल्डिहाइडविषयी बोभाटा झाल्यावर अनेक उत्पादकांनी त्याच्या जागी ग्लायऑक्सिलिक आम्ल आणले. आज नॅनोप्लास्टिया किंवा ‘ऑरगॅनिक’ केराटिन म्हणून जे विकले जाते, त्यातील पुष्कळशा मिश्रणांत हेच असते. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधील डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वर्षांत तिने पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांचे काम अचानक मंदावले. उलट्या, ताप आणि पाठदुखीने ती रुग्णालयात पोहोचली. वापरलेल्या मलमात दहा टक्के ग्लायऑक्सिलिक आम्ल होते. तेच मलम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिले असता त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक साचलेले आढळले, म्हणजे त्वचेतून आत गेलेल्या आम्लाचे शरीरात ऑक्झॅलेट होऊन ते मूत्रपिंडात अडकते, असा त्याचा अर्थ. त्याआधी इस्रायलमधील रुग्णालयांतूनही अशाच २६ स्त्रियांची नोंद झाली होती. २०२५ च्या प्रारंभी फ्रान्सच्या सरकारी आरोग्य-सुरक्षा संस्थेने हे आम्ल असलेली केस सरळ करण्याची उत्पादने वापरू नयेत, असा स्पष्ट सल्ला दिला. आपल्याकडे सौंदर्याच्या पानावर ही गोष्ट आली असेल तर माझ्या वाचनात आली नाही.

कर्करोगाच्या बाबतीत मात्र अधिक जपून बोलले पाहिजे, कारण समाजमाध्यमांवर याविषयी जे फिरते त्यात घाबरवण्याचा भाग फार असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’ या अभ्यासात ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे अकरा वर्षे पाठपुरावा केला गेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केस सरळ करणारी रसायने कधीही न वापरलेल्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत ते ४.०५ टक्के असेल, असा त्यात अंदाज आहे. हे प्रमाण दुपटीहून अधिक आहे. पण ते दोन गोष्टींचा संबंध दाखवते, कारण सिद्ध करत नाही, आणि त्यात कोणते उत्पादन वापरले होते याची नोंद नव्हती. शिवाय वर्षातून एकदा स्मूदनिंग करणारी आपल्याकडची मुलगी आणि लहानपणापासून दर काही आठवड्यांनी रिलॅक्सर लावणारी तिथली स्त्री यांची तुलना सरळ करता येत नाही. या अभ्यासात केस रंगवण्याच्या द्रव्यांशी असा संबंध आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

ग्राहक वर्षाकाठी एकदोनदा जाते आणि तीनचार तास बसून परत येते. तिच्या मागे इस्त्री धरून उभी असलेली मुलगी रोज तिथे असते. आपल्या शहरांतली बहुसंख्य पार्लरे एखाद्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत चालतात. वातानुकूलन लागते म्हणून दारेखिडक्या बंद, आणि धूर बाहेर टाकणारा पंखा असलाच तर तो स्वच्छतागृहात. आजूबाजूच्या गावांतून ब्यूटीपार्लरचा कोर्स करून आलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुली हे काम करतात, आणि डोळ्यांतून पाणी येणे, खोकला, हातांवर पुरळ उठणे हा धंद्याचाच भाग आहे असे त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितले जाते. इतक्या लहान आस्थापनांना दुकाने व आस्थापना कायद्याच्या बहुतेक तरतुदी लागूच होत नाहीत. केसांविषयीच्या आपल्या चर्चेत या मुलींचा उल्लेख येत नाही, याचे मला ग्राहकांच्या प्रश्नापेक्षाही अधिक वाईट वाटते.

आता मूळ प्रश्न असा की, इतके सोसून केस सरळ करण्याची गरज का वाटावी? आपल्याकडे बाळाचे कुरळे जावळ पाहून आल्यागेल्याला कौतुक वाटते. तीच मुलगी चौदाची झाली की तिच्या त्याच केसांना झिंज्या म्हणतात, शाळेत तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालायला लावतात आणि स्थळ पाहायला येणार असले की पार्लरची वेळ ठरवली जाते. मुलाच्या कुरळ्या केसांना हे लागू नसते. अजिंठा व वेरूळच्या लेण्यांतील बुद्धमूर्तींच्या मस्तकावर उजवीकडे वळलेले बारीक कुरळे केस कोरलेले आहेत आणि त्यांत कुणाला कधी समस्या दिसलेली नाही. महाराष्ट्रात कोकण, देश, खानदेश, विदर्भ कुठेही गेले तरी नागमोडी आणि कुरळे केस घरोघरी आढळतात. एकाच आईच्या दोन मुलींचे केस दोन तऱ्हांचे असतात. तरीही दूरचित्रवाणीवरील शाम्पूच्या जाहिरातीत केसांचा पडदा आरशासारखा सरळ खाली पडतो, आणि विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलीला ‘व्यवस्थित दिसावे’ एवढेच सांगितले जाते. त्याचा अर्थ काय, हे तिला न सांगताच कळते.

कुरळे केस तसेच ठेवण्याचा विचार आज आपल्या तरुण मुलींपर्यंत पोहोचला आहे तो प्रामुख्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांमुळे, आणि हे ऋण मान्य करायला हवे. त्यांच्यासाठी हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. जन्मजात केसांमुळे नोकरी नाकारली जाणे, शाळेतून घरी पाठवले जाणे हे त्यांनी अनुभवले आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका मुलींच्या शाळेत २०१६ साली विद्यार्थिनींनी केसांविषयीच्या नियमांविरुद्ध निदर्शने केली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केसांच्या पोतावरून व ठेवणीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा केला आणि त्यानंतर अमेरिकेतील अनेक राज्यांनी तसे कायदे केले. आपल्या मुलींच्या अडचणी त्या प्रतीच्या नाहीत. परंतु ओल्या केसांत बोटे फिरवून वळणे मोकळी करण्यापासून रात्री केसांना रेशमी कापड बांधण्यापर्यंत ज्या युक्त्या आज मराठी मुली मोबाइलवर पाहून शिकतात, त्यांतील पुष्कळशा त्या स्त्रियांच्या घरांतून आलेल्या आहेत.

केस सरळ करणे थांबवल्यावर काय होते, हे कुणी नीट सांगत नाही म्हणून थोडे लिहिते. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षात जेमतेम वीतभरही नाही. रसायनाने बदललेला भाग पुन्हा कधीही कुरळा होत नाही, कोणतेही तेल वा मास्क लावला तरी नाही, कारण बाहेर आलेला केस निर्जीव असतो आणि स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. त्यामुळे काही काळ मुळाशी कुरळा आणि टोकाशी काडीसारखा सरळ असा दुहेरी केस वागवावा लागतो, आणि दोहोंच्या सांध्याशी तो सर्वांत जास्त तुटतो. काहीजणी धीर करून सगळे सरळ केस एकदम कापून टाकतात. मी थोडेथोडे कापत गेले, कारण आखूड केसांविषयी नातेवाइकांची उत्तरे देत बसण्याची माझी तयारी नव्हती. दोन्ही मार्ग सारखेच योग्य आहेत.

कोरडे कुरळे केस रोज विंचरले की ते पिंजारतात, म्हणून ते ओले असताना, कंडिशनर लावलेला असताना, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर विंचरायचे असतात. हे ऐकून घरातील एका वडीलधाऱ्या बाईंनी ‘रोज विंचरले नाही तर जट होईल’ अशी काळजी व्यक्त केली. ही काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण आपल्याकडे केसांत गुंता होऊन जट झाली की ती देवीची समजून मुलींची आयुष्ये वाया गेली आहेत, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक स्त्रियांना जटमुक्त केले आहे. परंतु जट केस धुतले व सोडवले न गेल्याने होते; ओले करून वेळच्या वेळी सोडवलेल्या कुरळ्या केसांची ती होत नाही, एवढे समजावून सांगितल्यावर त्या बाईंचे समाधान झाले.

बाकी साधनांसाठी परदेशी बाटल्यांच्या मागे लागण्याची गरज नाही, असा माझा अनुभव आहे. जवस पाण्यात उकळून, अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतके चिकट झाले की जुन्या सुती कापडातून गाळले, तर जो जेल मिळतो तो ओल्या केसांवर लावल्यास वळणे छान धरून ठेवतो. फक्त तो शीतकपाटात ठेवावा आणि आठवड्याच्या आत संपवावा, नाहीतर नासतो. केस टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती पातळाच्या तुकड्याने टिपावेत. खोबरेल तेलाविषयी आजीचे म्हणणे खरे निघाले आहे: मुंबईतील दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खनिज तेल व सूर्यफुलाचे तेल यांच्या तुलनेत खोबरेल तेलाने केसांतील प्रथिने कमी झिजतात, असे दिसून आले. शिकेकाई-रिठ्याने मात्र माझे केस फार कोरडे होतात. ज्यांना मानवते त्यांनी जरूर वापरावी. जिथे बोअरचे जड पाणी आहे तिथे केस राठ वाटणारच, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळी दमट हवेत ते फुलणारच. हवेतील ओलाव्याने केसातील हायड्रोजन बंध, म्हणजे पाण्याने किंवा उष्णतेने सहज सुटणारे कच्चे जोड, सुटून नव्याने जुळतात, त्याला कोणाचाच इलाज नाही.

हे सगळे लिहिण्यामागे सरळ केसांच्या चाहत्या स्त्रियांना दोष देण्याचा हेतू नाही. स्वतःच्या केसांचे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. एखाद्या समारंभापुरते सरळ केस हवे असतील तर धुऊन, वाळवून इस्त्री फिरवली तरी चालते, कारण त्यात फक्त हायड्रोजन बंध बदलतात आणि पुढच्या धुण्यात वळण परत येते. इस्त्री फार तापवू नये, इतकेच पथ्य. कायमस्वरूपी रसायनाचा निर्णय मात्र माहितीवर आधारलेला असला पाहिजे, आणि ती माहिती आज मिळत नाही. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार बाटलीवर घटक छापावे लागतात, पण पार्लरमध्ये मिश्रण मोठ्या बाटलीतून वाटीत काढून आणले जाते आणि बाटली आतल्या खोलीतच राहते. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पार्लरांत वापरल्या जाणाऱ्या या उत्पादनांचे नमुने तपासून निष्कर्ष जाहीर करावेत. पार्लरचालकांनी देयकावर उत्पादनाचे नाव व बॅच क्रमांक लिहून द्यावा आणि हे काम उघड्या खिडकीशेजारी, पंखा बाहेर हवा टाकत असताना करावे. सौंदर्याचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांनी सरळ करण्याइतकाच वेळ कुरळे केस कापायला व सांभाळायला शिकवण्यासाठी द्यावा. आज चांगल्या शहरातही कुरळे केस नीट कापणारी व्यक्ती शोधून सापडत नाही, आणि न सापडल्यामुळेच पुष्कळजणी पुन्हा सरळ करण्याकडे वळतात.

ज्यांनी नुकतेच असे काही करून घेतले आहे, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची सूचना आहे. पुढच्या दोनचार दिवसांत टाळूची आग, मळमळ, उलट्या, पाठीत किंवा कमरेत दुखणे, लघवी कमी होणे असे काही जाणवले तर ते पित्त किंवा उन्हाचा त्रास समजून घरी थांबू नये. डॉक्टरांकडे जाऊन केसांवर काय व कधी लावले हे त्यांनी न विचारताही सांगावे, शक्य असेल तर बाटलीवरील घटकांच्या यादीचे छायाचित्र दाखवावे आणि मूत्रपिंडे नीट काम करत आहेत की नाही हे कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची निवृत्त अध्यापिका, सातारा